ग्लॉकनरचा घाट आणि एक जुनी फटफटी

ऑस्ट्रिया देशाचे साल्झबुर्ग व कॅरिंथिया हे दोन प्रांत ज्या उत्तुंग गिरिभिंतीनें एकमेकांपासून वेगळे झाले आहेत, तिच्या माथ्यावरून एक रस्ता गेलेला आहे. ग्रोसग्लॉकनर या ३७९८ मीटर उंचीच्या, त्या देशांतील सर्वोच्च शिखरावरून त्यास नांव मिळालें. उत्तरेकडील ब्रुक गांवापासून दक्षिणेकडील हायलिगेनब्लूटपर्यंत त्याची लांबी सुमारें ४८ किलोमीटर असून त्यांत ३६ मोठे वळसे आहेत. आपल्या बोरघाटांतून किंवा आंबाघाटांतून गेलेल्या वाचकांस वळशांचें नवल वाटावयाचें नाहीं. परंतु हा रस्ता अडीच हजार मीटरांच्याहि वर चढतो, आणि हिवाळ्याचे सारे महिने बर्फाखालीं गाडलेला असतो. साधारणतः मे महिन्याच्या आरंभीं बर्फ कापून वाट मोकळी करितात, तेव्हां दोहों बाजूंस माणसाहून उंच अशा पांढऱ्या भिंती उभ्या राहतात.

१९१८ सालीं जुनें साम्राज्य मोडलें, देश आकुंचित झाला, व पुढें मंदीच्या दिवसांत हजारों हात रिकामे झाले. अशा वेळीं इंजिनियर फ्रान्झ वालाक यांनीं आखलेल्या या रस्त्याचें काम १९३० सालीं सुरू होऊन ३ ऑगस्ट १९३५ रोजीं तो खुला झाला. आणि दुसऱ्याच दिवशीं त्यावर मोटारी व मोटारसायकली यांची शर्यत झाली! माथ्यावरील होख्टोर येथें खोदकाम चालूं असतां हर्क्युलीसची एक लहानशी कांस्यमूर्ति सांपडली. रोमन लोकहि याच खिंडीनें जात असत हें तिच्यावरून दिसून आलें. माणसाला डोंगरापलीकडे जावयाची हौस कालची नव्हे.

आम्ही व आमची मंडळी भाड्याच्या मोटारींतून गेलों तें शिखर पाहण्यासाठीं. परंतु आमचा अर्धा दिवस गेला तो एका फटफटीपाशीं, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. ज्या वाचकांचे चिरंजीव मोटारसायकलीसाठीं हट्ट धरून बसले असतील, त्यांनीं हा अंक घरांत उघडा टाकूं नये, एवढी सूचना आम्ही देऊन ठेवितों.

मुख्य रस्त्यापासून फुटलेली एक दगडी फरसबंद वाट एडेलवाइसश्पिट्झ नांवाच्या २५७१ मीटर उंचीच्या टोकावर जाते. तेथें सभोंवार हिमशिखरांचा मेळा भरलेला. आणि जमिनीवर मोटारसायकलींचा. त्यांत नव्या नव्या, झगझगीत, भाल्यांच्या टोकांसारख्या गाड्या पुष्कळ होत्या. परंतु येणारा जाणारा प्रत्येकजण पाय थांबवीत होता तो एका रुपेरी-निळसर जुन्या गाडीपाशीं. पंच्याहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ एका विरलेल्या फडक्यानें तिच्या पुढच्या कांचेवरील माशा पुसून काढीत होते. फडकेंहि गाडीइतकेंच जुनें होतें: आसनाखालीं पान्ह्यांच्या गुंडाळीबरोबर कारखान्यानेंच तें दिलें होतें, असें त्यांनीं सांगितलें. एवढ्यावरून ओळख झाली.

गाडी होती बी. एम्. डब्ल्यू. कारखान्याची, आर. १०० आर. एस्. या नांवाची. तिचें कुळ मोठें गमतीचें आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानें जर्मनीस विमानांचीं इंजिनें करण्याची बंदी झाली. तेव्हां विमानांच्या इंजिनांत हात मुरलेल्या माक्स फ्रिझ या इंजिनियरास दुचाकीकडे वळावें लागलें. व १९२३ सालीं त्याची आर. ३२ ही गाडी पुढें आली. शक्ति अवघी साडेआठ अश्वांची. पण रचना अशी नामी कीं पुढें पाऊणशें वर्षें तिच्यांत मूलतः फरक करावा लागला नाहीं. दोन सिलिंडर, एक डावीकडे व एक उजवीकडे, वाऱ्याच्या झोतांत बाहेर काढलेले. त्यांतील दट्टे मुष्टियोद्ध्याच्या मुठींप्रमाणें एकदमच दूर जातात व एकदमच जवळ येतात. म्हणूनच या इंजिनास बॉक्सर असें म्हणतात. मागच्या चाकाला जोर पोंचविणारी सांखळी नाहीं, तर दांडा. त्यामुळें सांखळीस तेल घालणें नाहीं, कीं ती ताणणें नाहीं.

आर. १०० आर. एस्. ही त्या वंशांतील १९७६ सालची. ९८० घनसेंटिमीटरांचें इंजिन, ७० अश्वशक्ति, वेग ताशीं सुमारें २०० किलोमीटर. परंतु तिचें खरें वैशिष्ट्य तिच्या अंगरख्यांत आहे. हान्स मूथ या कलावंतानें तिला हातांपासून गुडघ्यांपर्यंत वारा व पाऊस अडविणारें एकसंध आवरण घातलें, आणि इटलींतील पिनिनफारिना यांच्याकडील वाऱ्याच्या बोगद्यांत तें पारखून घेतलें. अशीं आवरणें शर्यतींतल्या गाड्यांना पूर्वींहि असत; पण तें दिवसभर दूरच्या वाटेनें जाणाऱ्या साध्या गिऱ्हाइकासाठीं कारखान्यांतूनच चढवून येणें, ही नवलाई होती. वेगहि हवा आणि लांबचा प्रवासहि हवा, अशा दुहेरी हौसेची ही गाडी.

ती जेथें जन्मली तें स्थळहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. १९६९ पासून या कारखान्याच्या मोटारसायकली बर्लिनच्या स्पांडाउ भागांत तयार होऊं लागल्या. त्या काळीं पश्चिम बर्लिन चोहों बाजूंनीं भिंतीनें वेढलेलें होतें. १९६१ सालीं उभी राहिलेली ती भिंत १९८९ पर्यंत हालली नाहीं. मोकळ्या रस्त्यांवर दिवस दिवस धांवावें म्हणून घडविलेली गाडी अशा नगरांत घडली कीं ज्यांतून बाहेर पडावयास बंदूकधाऱ्यांच्या चौक्या ओलांडाव्या लागत. हें आमच्या तोंडून ऐकतांच ते गृहस्थ म्हणाले, “म्हणूनच ती आजपर्यंत घरीं बसावयास तयार नाहीं.”

ते म्यूनिकचे, शाळेंत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. गाडी त्यांनीं १९७८ सालीं नवीन घेतली. नंबराच्या पाटीवर शेवटीं ‘एच्’ हें अक्षर होतें. तीस वर्षांहून जुन्या व मूळ स्थितींत राखलेल्या वाहनास जर्मनींत हा ऐतिहासिकपणाचा शिक्का मिळतो व करांतहि सवलत होते. “माझ्या वर्गमित्रांना अशी पाटी मिळत नाहीं,” ही त्यांची थट्टा बहुधा पुष्कळदां करून झालेली असावी. पण आमच्या मंडळींना ती फार आवडली, व डब्यांतील बेसनाचा लाडू त्यांच्या हातावर पडला.

मग वही निघाली. पहिल्या दिवसापासून कोठें किती पेट्रोल भरलें, तेल केव्हां बदललें, टायर किती टिकले, हें सारें बारीक अक्षरांत लिहिलेलें. अशा त्यांच्या सात वह्या झाल्या असून सारी बेरीज तीन लाख किलोमीटरांच्या वर गेली आहे. आपल्याकडे वाण्याच्या उधारीच्या व दुधाच्या हिशेबाच्या वह्या जपणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. पण हिशेबाच्या वहींतून एखाद्याचा संसार असा वाचतां येईल असें वाटलें नव्हतें. एका पानावर पेट्रोलच्या नोंदीपुढें ‘मुलगी झाली’ एवढेंच होतें. आणखी कांहीं वह्यांनंतर दोन वर्षें जवळ जवळ कोरीं. पत्नीच्या आजारपणाची तीं वर्षें, एवढें त्यांनीं सांगितलें, आणि पान उलटलें.

या गाडीचे दोष कोणते, असें आम्हीं विचारलें. प्रेमाची परीक्षा गुण विचारून होत नाहीं असा आमचा अनुभव आहे. ते आनंदानें सांगूं लागले. हँडल बुटकें व अरुंद, त्यामुळें शहरांतील गर्दींत अंगाचा भार मनगटांवर येऊन तीं भरून येतात. ताशीं शंभरांच्या पुढें गेलें म्हणजे मात्र वाराच छातीला हात देतो व मनगटें मोकळीं होतात. गिअर बदलतांना दार आपटल्यासारखा आवाज होतो. पुढचा ब्रेक दाबला असतां तार ओढली जाते, ती टाकीखालच्या पंपास हालविते, आणि मग तेल चाकाकडे जातें: “एखाद्या सरकारी अर्जासारखें!” उभ्या गाडीचें इंजिन एकदम फिरविलें तर सारी गाडी उजवीकडे कलते. आणि डाव्या बाजूच्या लहान स्टँडवर ती फार वेळ कलती उभी राहिली, तर तेल डाव्या सिलिंडरांत उतरतें व सुरू होतांना निळ्या धुराचा एक लोट सोडते.

मग ती टाकून नवीन कां घेतली नाहीं? याचें उत्तर त्यांनीं हात पुढें करून दिलें. सिलिंडर बाहेर असल्यामुळें त्यांचीं झांकणें दोन चार नट सोडले कीं निघतात. झडपांची फट तपासणें हें सकाळच्या कॉफीइतक्या वेळाचें काम. नव्या गाड्यांत काय बिघडलें तें गाडीच दुकानदाराच्या संगणकाला सांगते, मालकाला नाहीं. ही मात्र मालकाशीं बोलते. आमच्या मतें पुष्कळ जुन्या वस्तूंवरील प्रेमाचें मूळ येथें असावें. ज्या वस्तूच्या पोटांत आपला हात जाऊं शकतो, तीच आपली होते. नुसत्या गतकालाच्या हळहळीनें कोणी पंचेचाळीस वर्षें काळे हात करून घेणार नाहीं.

हें प्रेम एकट्याचें नव्हतें, यास इतिहासाचा पुरावा आहे. १९८३ सालीं कारखान्यानें पाण्यानें थंड होणारी चार सिलिंडरांची के. १०० ही गाडी काढली. ९० अश्वांची, सर्व दृष्टींनीं सुधारलेली. बॉक्सरचे दिवस संपले असें कारखान्यास वाटलें, व १९८४ सालीं आर. १०० आर. एस्. बंद झाली. परंतु गिऱ्हाइकें ऐकेनात. त्यांना तेंच वाऱ्यानें थंड होणारें इंजिन हवें होतें. अखेर १९८६ सालीं कारखान्यानें माघार घेऊन, ६० अश्वांची कां होईना, ती पुन्हां काढली, आणि त्या दुसऱ्या अवतारानेंहि पुढील दशकाचा आरंभ पाहिला. जुन्या गाड्यांचे सुटे भाग कारखाना आजहि पुरवितो. इतक्या मोठ्या कारखान्याला आपला निर्णय फिरवावा लागावा, ही गोष्ट व्यापाऱ्यांनीं मनांत ठेवावी अशी आहे.

दुपारीं आम्ही कैसर-फ्रान्झ-योसेफ्स-होहे या ठिकाणीं गेलों. तेहि तेथें आले. २३६९ मीटरांवरील या सज्जासमोर ग्रोसग्लॉकनर उभा आहे, व पायाशीं पास्टर्झे ही त्या देशांतील सर्वांत मोठी हिमनदी. कठड्याशीं मार्मोट नांवाचे गुबगुबीत प्राणी ऊन खात होते. मुलें तिकडे धांवलीं; आम्ही खालीं पाहत उभे राहिलों. हिमनदी पाहावयास आलों, आणि दिसला तो बहुतेक दगडगोटा व राखी रंगाचें पाणी! बर्फ दूर वर आक्रसून बसलेला. खालीं उतरणाऱ्या पायवाटेवर जुन्या सालांच्या पाट्या लावल्या आहेत. अमुक सालीं बर्फ येथवर होता, तमुक सालीं तेथवर. एका पाटीपासून दुसरीपर्यंत उतरतां उतरतां पाय दुखतात.

त्या गृहस्थांनीं पाकिटांतून एक छायाचित्र काढलें. १९७८ सालचें, याच कठड्याशीं घेतलेलें. पुढें तीच गाडी, तोच रुपेरी-निळा रंग. शेजारीं केंसाळ तरुण. आणि मागें दरींत आडवी पसरलेली, भेगाळलेली, जाड शुभ्र हिमनदी. आम्हीं तें चित्र समोर धरून पाहिलें. गाडी होती तशी होती. बर्फ नव्हता.

तेच प्रथम बोलले. “शंभर किलोमीटरांस सहा लिटर,” ते म्हणाले, “मी सारें लिहून ठेविलें आहे. सात वह्या.” त्यावर कोणतेंहि समर्थन त्यांनीं केलें नाहीं. आतां ते वर्षाकांठीं एकदांच येथें येतात, इतर वेळीं आगगाडी. भूगोल शिकविलेल्या माणसास त्या पाट्या वाचून दाखविण्याचें कारण नव्हतें. आम्ही स्वतः मोटारींतूनच आलों होतों. आम्हीहि गप्प राहिलों.

मग घरची गोष्ट निघाली. मुलीचें म्हणणें, आतां पुरे करा. तिचें चुकतें असें त्यांनाहि वाटत नाहीं. गाडी भरल्या टाकीसह सुमारें २३० किलो वजनाची. तिला मधल्या मोठ्या स्टँडवर चढविण्याची एक लकब आहे, ती चाळीस वर्षें साधली, गेल्या दोन उन्हाळ्यांपासून साधत नाहीं. गिऱ्हाइकें पुष्कळ येतात, चांगली किंमत देऊं करितात. पण नात मागते आहे. तिला बावीसावें चालूं आहे. एवढ्या मोठ्या गाडीचा परवाना तिकडे थेट घ्यावयाचा तर चोवीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात. झडपांची फट पाहावयास ती शिकली आहे. “दोन हिवाळे,” असें म्हणून त्यांनीं दोन बोटें दाखविलीं. गाडी चालती राहिली पाहिजे. उभी राहिलेली गाडी आंतून गंजते. म्हणजे तोंवर कोणीतरी ती चालविली पाहिजे, आणि तें कोणीतरी म्हणजे आपणच, असा त्यांचा हिशेब. मुलगी या हिशेबाला काय म्हणते, हें आम्हीं विचारलें नाहीं.

चारच्या सुमारास ढग उतरूं लागले. त्यांनीं फडकें घडी घालून आसनाखालीं ठेविलें, हातमोजे चढविले, आणि लहान स्टँडवर कलती उभी असलेली गाडी सुरू केली. डाव्या बाजूनें निळा धूर निघाला. शेजारच्या एका तरुणानें नाक दाबलें, दुसरा हंसला. गृहस्थांनीं मान किंचित् हालविली, इंजिनाचा आवाज एकसारखा होईपर्यंत थांबले, आणि हायलिगेनब्लूटच्या वळणाकडे सावकाश उतरूं लागले. तिसऱ्या वळशापर्यंत ते आम्हांस दिसत होते.