लपविलेली लेक

आमच्या बालाघाट जिल्ह्याविषयी एक गोष्ट आम्ही नेहमी अभिमानाने सांगत असतो. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया मोजल्या गेल्या. मध्यप्रदेशातील दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याचा आकडा याहून मोठा नव्हता. लेक झाली म्हणून तोंड वाकडे करणारी माणसे आमच्याकडे नाहीतच, असे नव्हे. परंतु वैनगंगेच्या या खोऱ्यात धानाची रोवणी बायांच्याच हातांनी होते, आणि लेकीची किंमत घराला चांगली ठाऊक असते. असे असता तीच लेक बावीस-तेवीस वर्षांची होऊन स्थळे येऊ लागली, की त्याच घराला तिच्या कातडीचा रंग एकाएकी दिसू लागतो, हे कोडे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून पडलेले आहे.

वाचकहो, पुढे काय होते ते आपण सर्वांनी पाहिलेच आहे. लहानपणापासून चिखलात उभी राहून रोवणी केलेल्या मुलीस, “उन्हात फिरू नको गं, आणखी काळी होशील,” अशी ताकीद मिळते. फोटोवाल्याकडे तिची छबी इतकी उजळली जाते, की पाहुणे घरी आल्यावर फोटोतील मुलगी कोणती, असे त्यांना विचारावेसे वाटावे. मलमाच्या नळ्या येतात. २०२० साली एका प्रसिद्ध मलमाने आपल्या नावातील ‘फेअर’ हा शब्द काढून तेथे ‘ग्लो’ घातला. आमच्या गावच्या दुकानात मात्र आयाबाया अजून जुन्याच नावाने ते मागतात.

आमच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती घरात दोन बहिणी आहेत. थोरली सावळी, नव्हे, चांगली काळी, धाकटी उजळ. थोरली परिचारिकेचे शिक्षण घेऊन नोकरीस लागलेली, घराचा निम्मा खर्च तीच उचलते. धाकटीस पाहावयास पाहुणे यावयाचे ठरले, तेव्हा आईने थोरलीस दोन दिवसांसाठी गोंदियाला मावशीकडे धाडून दिले. दोघी शेजारी उभ्या राहिल्या तर पाहुण्यांच्या मनात भलतेच काही यावयाचे, ही भीती. थोरली मुकाट्याने गेली. आईस आम्ही वाईट म्हणत नाही. तिने ते लेकींच्या काळजीपोटीच केले. परंतु उत्पत्तीच्या पुस्तकातील लाबानाची आम्हांस आठवण झाली. त्याने थोरल्या लेआस अंधारात पुढे करून याकोबाच्या गळ्यात बांधली, हे खोटेच केले; पण निदान तिला घराबाहेर तरी काढले नाही. आणि आपल्या प्रभूची वंशावळ देखण्या राहेलीकडून नव्हे, तर या नकोशा लेआच्या यहूदाकडून चालत आलेली आहे.

या गोष्टीस थोडेच दिवस झाले होते, तोच घरातील तरुण मंडळींनी एका रविवारी आम्हांस ‘पेनेलोपी’ नावाचा इंग्रजी चित्रपट दाखविला. २००६ सालचा हा चित्रपट म्हणजे आजच्या काळातील परीकथा आहे. एका धनाढ्य कुळातील तरुणाने मोलकरणीस फसविले, तिने जीव दिला, आणि तिच्या आईने त्या कुळास शाप दिला, की यापुढे जन्मणाऱ्या मुलीस डुकराचे नाक येईल. तिच्यापैकीच कोणी तिला मरेपर्यंत आपली म्हणेल तेव्हाच शाप सुटेल. कित्येक पिढ्या मुलगेच होतात. अखेर पेनेलोपी जन्मते, आणि आईबाप तिला घरात कोंडून, मूल दगावले असे जगास सांगतात. ती वयात आल्यावर कुलवंत मुलगे बोलाविले जातात. मुलगी आरशाआडून बोलते. एकदा तिचे तोंड दिसले की वर खिडकीची काच फोडून उडी टाकतो, आणि घरचा नोकर त्याच्यामागे धावत जाऊन गुपित न फोडण्याच्या कागदावर सही घेतो. आमच्या घरी या प्रसंगास फार हशा पिकला. आम्हीही हसलो, पण ‘मुलगी पाहणे’ याहून फारसे निराळे असते काय, असेही मनात आले.

एक तरुण मात्र पळत नाही. तो पैशाच्या लोभाने, वर्तमानपत्रवाल्याचा हस्तक म्हणून आलेला असतो. पण तिच्याशी बुद्धिबळ खेळता खेळता तिच्यावर त्याचा जीव जडतो. ती त्यास लग्नाचे विचारते तेव्हा तो नाही म्हणतो, कारण आपण त्या कुळीचे नाही, आपल्या हातून शाप सुटणार नाही, हे त्यास ठाऊक असते. पुढे पेनेलोपी नाकावर मफलर गुंडाळून घरातून निघून जाते व जग पाहते. शेवटी एक कुलवंत वर लौकिकासाठी तयार होतो, सर्व सिद्धता होते, आणि ती ऐन वेदीपासून परतते. आई विनवते, की आता फक्त एक शब्द उच्चारावयाचा आहे, मग नवे नाक मिळेल. मुलगी म्हणते, मी आहे तशी मला आवडते. त्याच क्षणी शाप सुटतो. ‘तिच्यापैकीच कोणी’ म्हणजे ती स्वतःच होती!

सगळे तरुण प्रेमकथेवर बोलत होते. आमचे लक्ष आईवर खिळले होते. शाप मोलकरणीच्या आईने दिला खरा, पण तो पंचवीस वर्षे घरात पोसला कोणी? आई तिला सांगे, की हे नाक तुझे नव्हे, तुझे खरे तोंड पुढे केव्हातरी येईल. मायेनेच बोललेली ही वाक्ये. मुलीस त्यांतून उमगले ते एवढेच, की आता जी आहे ती मोजावयाची नाही.

तरी या चित्रपटाचा शेवट आम्हांस पटला नाही. तिने स्वतःस पत्करले आणि बक्षीस काय, तर सुबक नाक! आमच्या काळ्या लेकी स्वतःस कितीही पत्करोत, दुसऱ्या दिवशी गोऱ्या होऊन उठणार नाहीत. या दृष्टीने २०१५ चा ‘दम लगा के हईशा’ हा हिंदी चित्रपट आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. हरिद्वारच्या त्या गोष्टीत शिकलेल्या, शिक्षिका होऊ पाहणाऱ्या स्थूल संध्येचा नवऱ्यास संकोच वाटतो. तो मित्रांसमोर तिचा अपमान करतो, ती त्याच्या थोबाडीत मारून माहेरी जाते. भूमी पेडणेकर या मराठी बापाच्या लेकीने हे काम केले आहे. त्यातील काडीमोडाचे प्रकरण आपल्या धर्मशिक्षणात बसणारे नाही, ते बाजूस ठेवू. पण शेवटी बायकोस पाठीवर घेऊन नवरा शर्यतीत धावतो तेव्हा ती पहिल्याइतकीच वजनदार असते. बदलतो तो नवरा.

परीकथा सोडून खरी हकिकत हवी असेल तर पवित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासात ती आहे. १२८७ साली इटलीतील मेतोला येथे एका उमराव घराण्यात मार्गारेट जन्मली. आंधळी, कुबडी, लंगडी, अंगाने खुजी. आईबापांस इतकी लाज वाटली, की ती जेमतेम सहा वर्षांची असता तिला देवळालगतच्या एका कोठडीत कोंडण्यात आले. पुढे चमत्काराने ती बरी होईल या आशेने तिला चित्ता दि कास्तेल्लो या नगरातील एका थडग्याशी नेले. चमत्कार झाला नाही. आईबाप तिला तेथेच टाकून गेले. त्या नगरातील गोरगरिबांनी तिला आळीपाळीने आपल्या घरात आश्रय दिला. ती डोमिनिकन संघाची तृतीय सदस्या झाली, तुरुंगातील कैद्यांची सेवा केली, मुलांना शिकविले, आणि १३२० साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी प्रभूकडे गेली. तिचे कुबड गेले नाही, डोळेही आले नाहीत. २४ एप्रिल २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिचे नाव संतांच्या मालिकेत घातले.

यंदा दृढीकरण संस्काराच्या तयारीस बसलेल्या मुलींना आम्ही ही हकिकत सांगितली. त्यांतील एकीने हेच नाव घ्यावयाचे ठरविले. नावे नोंदवावयाच्या दिवशी तिची आई जरा हिरमुसली होऊन म्हणाली, “अगं, एवढ्या देखण्या संतिणी असताना ही कुबडीच कशाला?” मुलगी काही बोलली नाही. फादरांनी चष्मा नीट केला, अक्षरे विचारून घेतली, आणि वहीत मार्गारेट असे लिहिले.