झाकण बंद ठेवून

जनरेटर बंद पडल्याचा फोन आला की मी आधी एकच विचारतो, "कसा बंद पडला?" पलीकडचा ड्रायव्हर वैतागतो. "अहो, बंद पडला म्हणजे पडला!" पण पडण्यापडण्यात फरक असतो. दिवे मंदावत, इंजिन वरखाली होत, आचके देत थांबलं तर डिझेलकडे बघायचं. नळी कुठेतरी हवा ओढत असेल, फिल्टर तुंबला असेल, नाहीतर टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल. इंजिन चालू आणि वीज तेवढी गेली, तर एमसीबी किंवा व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर. आणि कसलीही कुरकुर न करता इंजिन जागच्या जागी गप्प झालं, तर त्याला कुणीतरी 'थांब' म्हणून सांगितलेलं असतं. ते कुणी सांगितलं, एवढंच शोधायचं उरतं.

सिनेमावाल्यांच्या वॅनिटी गाड्यांखालचे जनरेटर दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. या गाड्या आपल्याकडच्या धंद्यात पूनम ढिल्लाँ यांनी आणल्या, असं मानतात. त्यांचं नाव निघालं की मी मनातल्या मनात नमस्कार करतो. आत आरसे, सोफे, दोन-दोन एसी; आणि पोटाखाली पत्र्याच्या पेटीत कोंडलेलं इंजिन. गोरेगावच्या फिल्मसिटीत वर्षभर निमूट चालणारा जनरेटर मे महिन्यात वाईला, मेणवलीच्या घाटाजवळ उभा केला की दुपारी एकच्या सुमाराला रुसतो. सगळे म्हणतात, उन्हाने बंद पडला.

ऊन हा बिघाड नव्हे. इंजिनाच्या ताकदीचा आकडा 25 अंशांची हवा धरून काढलेला असतो, एमसीबीवरचा अँपिअरचा आकडा 30 अंशांची. वाईला बाहेर 40, पेटीत त्याहून कितीतरी जास्त. त्याच वेळी एसीच्या कॉम्प्रेसरला जास्त दाबाविरुद्ध राबावं लागतं, म्हणून तो जास्त करंट खातो. म्हणजे लोड चढतो, इंजिनाची ताकद उतरते आणि एमसीबी एरवीपेक्षा लवकर पडते. सगळंच थोडंथोडं सरकतं आणि जे आधीपासून कच्चं असतं ते पहिल्यांदा हात वर करतं. कच्चं काय होतं, हे ऊन सांगत नाही.

खरी अडचण याच्या पुढची. जनरेटर बंद पडला म्हणून तुम्ही पेटीचं दार उघडता. दार उघडलं की वारा आत जातो. टेस्टर काढेपर्यंत पेटी निवते आणि बटण दाबताच इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं. डॉक्टरच्या दारात पोचताच थांबलेल्या दाढदुखीसारखं. मग ते दार उघडं ठेवून तासन्‌तास चालतं आणि युनिटमधला चहावालासुद्धा तुमच्याकडे संशयाने बघतो. दार लावून तुम्ही पाठ फिरवलीत की पाऊण तासाने पुन्हा गप्प. उघडून बघितलं की दोष पळतो आणि न उघडता दिसत नाही. या एका गोष्टीपुढे मी जितके हात टेकलेत तितके दुसऱ्या कशापुढेही नाहीत.

म्हणून मी ऐकायला शिकलो. झाकण बंद ठेवून, पत्र्याला कान लावून. बेल्ट सरकायला लागला की बारीक चिवचिव येते. एसी सुरू होताना इंजिन किती खाली बसतं आणि किती वेळाने सावरतं, त्यावरून दमाचा अंदाज येतो. आणि मरायच्या आधी रिलेची टिक होते की मेल्यावर, यात निम्मं निदान असतं.

खरं सांगायचं तर हे ऐकणं मला चारचौघांसमोर फार आवडायचं. कित्येकदा निदान आधीच झालेलं असायचं, तरी हिरो मेकअप सांभाळत, घामेजून गाडीबाहेर येईपर्यंत मी डोळे मिटून पत्र्याला कान लावून उभा राहायचो. कुणीतरी हळूच "शू, उस्ताद ऐकतायत" म्हणायचं. त्या 'शू'साठी मी बिलातले पैसेसुद्धा सोडले असते. सोडले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आता तो कान गेला. तपासणीच्या आलेखात रेघ 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरलीय. गोंगाटात आयुष्य काढलेल्यांची आधी तिथेच उतरते. इंजिनाची घरघर मला अजून स्वच्छ ऐकू येते; चिवचिव आणि टिक तेवढी गेली. म्हणजे इंजिन मेल्याचं कळतं, कुणी मारलं ते कळत नाही.

भाची आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन माझ्याकडे आली ती याच सुमाराला. वाईची गाडी होती, मरण गप्पवालं. पाणी तापल्याचं, ऑइलचं प्रेशर पडल्याचं, कसलंच चिन्ह नाही. मी सवयीने पत्र्याला कान लावला आणि नुसता उभा राहिलो. तिने काही विचारलं नाही. डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडच्या दोन टोकांना वायरी जोडल्या, दाराच्या रबराखालून बाहेर काढल्या आणि बाहेर बारा व्होल्टचा बल्ब लटकवला. दार बंद. "मामा, इंजिन मरताना बल्ब विझला तर कुठल्यातरी सेफ्टीने किंवा रिलेने सप्लाय तोडला. पेटता राहिला तर सोलेनॉइडच सुटतोय."

इंजिन थांबलं. बल्ब पेटलेला.

पुढचं कुठल्याही कारागिराला कळेल. तांब्याचा रोध दर अंशाला 0.4 टक्क्याच्या आसपास वाढतो. थंड असताना 25 अंशांवर असलेली सोलेनॉइडची कॉइल 100 वर गेली की रोध जवळजवळ तीस टक्क्यांनी चढतो. करंट पाऊणपटीवर येतो आणि ओढ त्याच्या वर्गाने घटते, म्हणजे शंभराची साठावर. त्यात अर्थिंगची पट्टी गंजलेली, व्होल्टभर तिथेच खाल्ला जात होता. आतली स्प्रिंग जिंकत होती. दार उघडलं की कॉइल निवायची आणि सगळं निर्दोष.

प्रॉडक्शन मॅनेजर आला तेव्हा मी म्हणालो, "कॉइल गेलीय, मला आवाजावरूनच शंका होती." भाची शेजारी वायरी गुंडाळत होती. तिने वरसुद्धा बघितलं नाही.

या धंद्यात हल्ली उन्हाळ्याचा उपाय म्हणजे दडपणं. एक जण तापमानाच्या स्विचची वायरच काढून ठेवतो. गाडी चालते, आणि मग एक दिवस इंजिन जाम होतं. दुसरा जाड ऑइल भरून प्रेशरचा दिवा विझवतो. तिसरा पेटीसमोर पेडेस्टल फॅन लावतो आणि फॅनचं भाडंही लावतो. तापलेल्या इंजिनावर बादली ओतणारे वेगळेच. कंट्रोलरच्या पडद्यावर कोड आला की तो पार्ट बदलायचा, एवढंच नव्या पोरांना शिकवतात. आणि एक मीटरवर 75 डेसिबलच्या आत राहायचं म्हणून पेटीला आतून फोम लावतात. आवाज कोंडतो तशी हवाही कोंडते. तो फोम दोन-तीन उन्हाळ्यांत सुटून हवेच्या जाळीवर बसतो. तो बघायला कुणी वाकत नाही.

वाईच्या गाडीला नवी कॉइल बसवली, पट्टी घासून आवळली. माझ्या लेखी काम संपलं होतं. भाचीच्या लेखी नाही. "कॉइल मुळात इतकी तापली का?" तिने हवा आत शिरते तिथे थर्मामीटरची वायर लावली. बाहेर 40, जाळीशी 52. गाडीला चारी बाजूंनी जमिनीपर्यंत रेक्झिनची झालर होती, चाकं दिसू नयेत म्हणून. रेडिएटरची गरम हवा बाहेर पडायची, झालरीत अडायची आणि फिरून आत यायची. तिने झालर सुतळीने वर बांधली. अर्ध्या तासात जाळीशी 43.

मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, झालर निघणार नाही, तिच्यावर कंपनीचं नाव आणि फोन नंबर छापलाय, दोन बाजू तरी दिसायलाच पाहिजेत. मी म्हटलं, कॉइल मॅनिफोल्डपासून लांब नेऊन बसवू, ब्रॅकेट मी बनवतो. मालक खूश. भाची नाही. गाडी आता पुन्हा मे महिन्यातच कर्जतला निघालीय. मी तिला म्हटलं, बल्बची वायर आत तशीच राहू दे, लागेल.

"वायर राहू दे," ती म्हणाली, "पण मामा, कात्रीपण घे. ज्या बाजूला नंबर नाही तिथली कापू."