हिवाळ्याची आगोट

आगोट म्हणजे काय, हे वसईकराला समजावून सांगावे लागत नाही. मे महिना सरत आला की लाकूडफाटा आडोशाला रचला जातो, सुकी मासळी, मसाला, कांदे घरात येतात, कौले चाळली जातात. पाचूबंदर आणि अर्नाळ्याचे आमचे मच्छीमार बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात व शाकारून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदीच असते. होडी शाकारणारा मनाशी काहीतरी गृहीत धरून ती शाकारीत असतो. काय गृहीत धरतो, हा प्रश्न आम्हांस पडला तो मात्र समुद्रापासून फार दूर, एका जुन्या ट्रकपाशी.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, दुधाच्या आणि चीजच्या मुलखातील एका लहानशा धर्मग्रामात आम्ही काही काळ सेवेस होतो. २०१८ च्या नोव्हेंबरातील ही गोष्ट. मृतांचा महिना असल्याने घरभेटी चालू होत्या. धर्मग्रामातील एक ८१ वर्षांचे शेतकरी त्या शरद ऋतूत अंथरुणाला टेकले होते. डॉक्टरांनी त्यांना काहीएक लपविले नव्हते. एप्रिल त्यांना दिसणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. आम्ही कम्युनियन घेऊन गेलो. ते स्वीकारून, थोडा वेळ स्वस्थ बसून ते म्हणाले, "फादर, आज माझ्याबरोबर कोठारात चला. ट्रक झोपवायचा आहे."

तो ट्रक म्हणजे १९५१ सालची शेव्हरोले ३१००. गोल पाठीची, बाकदार नाकाची, आपल्याकडे जिला पिकअप म्हणतात तशी. त्यांच्या वडिलांनी ती नवी घेतली होती, दुधाच्या कॅन चीजच्या कारखान्यात पोचविण्यासाठी. सहा सिलिंडर, सहा व्होल्टची बॅटरी. आणि स्टार्टर चावीने नव्हे तर पायाने दाबावयाचा. त्या प्रदेशात हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ जुन्या पत्र्याला वाळवीसारखे खाते. म्हणून अशी वाहने नोव्हेंबर ते एप्रिल बाहेर काढीतच नाहीत.

आजोबा खुर्चीत बसून सांगत होते. शेजारचा एक तरुण आणि आम्ही हात चालवीत होतो. गाडी खालपर्यंत धुऊन आधीच कोरडी केली होती. इंजिन तापवून जुने तेल काढले. वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाणी साठलेले असते. ते सहा महिने पोटात राहू देणे म्हणजे दुखणे पाळणे होय. पेट्रोलची टाकी तोंडापर्यंत भरली. तिकडच्या पेट्रोलमध्ये साधारणतः दहा टक्के इथेनॉल असते, ते हवेतील ओल ओढून घेते. टाकी भरलेली असली म्हणजे आत हवेलाच जागा उरत नाही. पेट्रोल टिकविणारे औषध त्यात घालून इंजिन थोडा वेळ चालविले, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचते. रेडिएटरमध्ये निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल. हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. नुसते पाणी राहिले तर गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि बिडाचे इंजिन मडक्यासारखे तडकते. बॅटरी काढून तळघरात नेली. भरलेली बॅटरी सहसा गोठत नाही, रिकामी लवकर गोठते, हे आम्हांस नव्याने कळले. चाकांत थोडी जास्त हवा भरली, हातब्रेक मोकळा सोडून चाकांना लाकडी पाचरी लावल्या, नाहीतर ब्रेक ड्रमला चिकटून बसतो. उंदरांसाठी धुराड्याच्या नळीत लोखंडी काथ्या कोंबला.

शेजारचा तरुण म्हणाला, "मी दर रविवारी येऊन पाच मिनिटे इंजिन चालू करीन." आजोबा एकदम कडाडले. पाच मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही. उलट आत पाणी सुटते आणि तेच गंजविते. झोपलेल्याला मधूनमधून हलवू नये, असे त्यांचे म्हणणे. आजाऱ्यांच्या खोलीतून पुष्कळ वावरल्यामुळे आम्हांला ते ट्रकपुरतेच खरे वाटले नाही.

शेवटी स्टीअरिंगला बांधावयाची चिठ्ठी. काय काय बंद केले, काय कोठे ठेवले, हे लिहून ठेवावयाचे. नाहीतर वसंतात धुराड्यातील काथ्या विसरूनच कोणी इंजिन सुरू करतो. मागील वर्षांच्या चिठ्ठ्या एका खिळ्याला टोचलेल्या होत्या. त्यांवर नुसती आद्याक्षरे आणि खुणा. त्या त्यांच्या त्यांनाच कळाव्यात अशा. या वर्षी त्यांचा हात थरथरत होता, म्हणून त्यांनी लेखणी आमच्या हाती दिली आणि म्हटले, "फादर, पूर्ण शब्दांत लिहा. मोठे लिहा."

एवढेच. कोणासाठी, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्यांचा एकुलता मुलगा ॲरिझोनात राहत असे, जेथे वाहनाला हिवाळाच नाही. ट्रक विकून टाका, असे तो गेली कित्येक वर्षे म्हणत होता. बापलेकांचे बोलणे बेताचेच होते. सहावी ओळ त्यांनी अशी सांगितली : पहिल्यांदा घाई नको. चावी न फिरविता पायाने स्टार्टर दाब, तेल वर चढू दे, मग चावी फिरव. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' यांत भेद नाही. आम्ही मराठी माणूस. आम्हांला तेथे 'तू'च ऐकू आला.

मग सुती चादर पांघरली. प्लॅस्टिक नव्हे, त्याखाली ओल कोंडते. चादरीची कडा त्यांनी स्वतः ओढून सारखी केली.

२०१९ च्या जानेवारीअखेरीस पारा उणे ३० अंशांखाली गेला. फेब्रुवारीत ते देवाघरी गेले. अंत्यविधीची मिस्सा आम्हीच अर्पिली. मुलगा आला होता; ट्रकविषयी तो काही बोलला नाही, आम्हीही नाही. मार्चमध्ये आम्ही वसईस परतलो.

एप्रिलच्या शेवटी त्याचा फोन आला. तो कोठारात उभा होता. चिठ्ठीतील एकेक ओळ तो मोठ्याने वाची आणि तसे तसे करी; मधूनच, काथ्या नक्की किती आत कोंबला आहे, असे विचारी. सहाव्या ओळीपाशी तो बराच वेळ थांबला. मग विचारले, "हे शब्द त्यांचेच का, फादर?" आम्ही म्हटले, "त्यांचेच. अक्षर तेवढे आमचे."

तिकडे दुपारचे बारा वाजले होते, आमच्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि उकाडा मी म्हणत होता. फोन त्याने सीटवर ठेवला असावा. प्रथम नुसतीच घरघर ऐकू आली, बराच वेळ, घाई नसलेली. मग किंचित शांतता. मग इंजिन लागले.