शंभर टक्के, पण कितीपैकी?

दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत नवी मुंबईत वाशीपासून दिघ्यापर्यंत फलक झळकतात : ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम!’ खाली संस्थाचालकांचे फोटो, त्याखाली मुलांचे. राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीतच आहे, पण आसपासच्या वस्त्यांमधल्या पालकांना शाळांची तुलना करायला मिळते ती या फलकांवरूनच.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तुर्भे स्टोअरला राहतात. मुलगा आठवी झालेला. ‘‘ताई, नेटवर बघून सांगा ना, यातली बरी शाळा कुठली?’’ महापालिकेच्या दोन शाळा आणि एक अनुदानित, एवढीच त्यांची निवड होती आणि उत्तर एका वाक्यात हवं होतं.

निकालाचे आकडे सहज मिळाले. पण ते शाळेपेक्षा परीक्षेच्या नियमांबद्दलच जास्त सांगतात. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला, भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० वर घसरला. पुढच्याच वर्षी ते गुण परत आले, निकाल ९५.३०! (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, ते वेगळंच.) राज्यभरचे शिक्षक एक वर्ष शिकवायला विसरले आणि पुढच्या वर्षी त्यांना सगळं आठवलं, असं काही झालं नव्हतं.

मग दुसरं मोजमाप शोधलं. मुलांना काय येतं हे तपासणारी ‘असर’ची पाहणी ग्रामीण भागापुरती, त्यात नवी मुंबई येतच नाही. केंद्र सरकारच्या २०२१ आणि २०२४ च्या शैक्षणिक सर्वेक्षणांचे निष्कर्ष जिल्हावार आहेत. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आणि शहापूर-मुरबाडचे आदिवासी पाडे एकत्र येतात. खारघर, कामोठे, कळंबोली तर रायगड जिल्ह्यात मोडतात. तेव्हा तुर्भ्यातल्या आईला या अहवालांचा उपयोग शून्य.

शेवटी मावशींना घेऊन शाळांमध्येच गेले. महापालिकेच्या एका शाळेत मुख्याध्यापिकांनी हजेरीपटच समोर ठेवला. नावं खोडलेली, मधेच नवी घातलेली. आईवडील कुणी दगडखाणीत, कुणी बांधकामावर, कुणी बाजार समितीत माथाडी. काम संपलं की कुटुंब हलतं, मुलाचा दाखला मागून जातो, कधी जातही नाही. आठवीपर्यंत नवीन येणाऱ्याला वर्षात केव्हाही, वयानुसार वर्गात घ्यायचं, हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा नियम. ‘‘जूनमध्ये शिकवायला घेतलेला वर्ग मार्चमध्ये तोच नसतो. आमचा निकाल नेमका कुणाचा लावायचा, सांगा?’’ बाई म्हणाल्या. त्यांच्या शाळेचा निकाल ऐंशीच्या घरातला होता.

शंभर टक्केवाल्या शाळेत वेगळंच कळलं. निकाल खोटा नव्हता, पण परीक्षेला बसलेली मुलं नववीच्या पटापेक्षा बरीच कमी होती. बाकीची कुठे गेली? ‘सतरा नंबरला.’ हा खाजगीरीत्या बसणाऱ्यांचा फॉर्म. शाळा सुटलेल्यांना, नोकरी करणाऱ्यांना दहावी देता यावी म्हणून असलेली ही सोय. पण नववीत कच्च्या राहिलेल्या मुलाच्या पालकांना ‘बाहेरून बसवा’ असा सल्ला अनेक शाळांमध्ये मिळतो. मुलगा मग शाळेच्या टक्केवारीत धरला जात नाही. नापास झाला तरी फलकाला धक्का नाही. यात कायदा मोडल्याचं कुणी दाखवू शकणार नाही, पण मला ही लबाडीच वाटते.

त्यात पटाचा फरक. तीस मुलांच्या शाळेत एक नापास झाला तर निकाल तीन टक्क्यांहून जास्त उतरतो. तीनशेंच्या शाळेत तोच एक जण कुणाच्या लक्षातही येत नाही.

महापालिकेने २०१८ मध्ये सीवूड्स आणि कोपरखैरण्यात सीबीएसईच्या शाळा काढल्या, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. मात्र तिथे अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून सोडत निघते. अर्ज भरून सोडतीकडे डोळे लावून बसणारा पालक मुळात जागरूक असतो. त्या मुलांची तुलना नोव्हेंबरात बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्या मुलाशी करून मराठी माध्यमाच्या शाळेला नापास ठरवणं म्हणजे अडीच किलोमीटर पुढून धावायला सुरुवात केलेल्याला पदक देणं. अधिकारी सभेत ही तुलना करतात, पत्रकार छापतात.

मावशींनी मुलाला ऐंशी टक्क्यांच्या शाळेत घातलं. नववीतली जवळपास सगळी मुलं तिथे दहावीला बसवली जातात, विज्ञानाला स्वतंत्र शिक्षक आहे आणि शाळा घरापासून चालत जाण्याजोगी आहे, एवढ्या तीन गोष्टी त्यांना पटल्या. नवऱ्याला अजून फलकवालीच शाळा बरी वाटते.

मे महिन्यात तुमच्या नाक्यावर फलक लागेल तेव्हा शाळेत जाऊन दोनच आकडे मागा : गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती, आणि त्यातली किती नियमित म्हणून दहावीला बसली. शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा महापालिकेच्या शाळेत हा प्रश्न बैठकीतच विचारता येतो. उत्तर लेखी घ्या.