वापरलेल्या वस्तूचे दोषप्रकरण

विकायला काढलेल्या जुन्या वस्तूविषयी माणसे बहुधा दोनच प्रकारे बोलतात. एक तर तिचा गौरव करतात, नाहीतर 'आहे ती अशी आहे, बघा आणि न्या' म्हणून अंग काढून घेतात. पुण्याच्या जुन्या बाजारात हे दोन्ही प्रकार मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. तिसरा भेटला तो २०१९च्या उन्हाळी सुट्टीत, न्यू जर्सीतल्या एडिसनला, माझ्या भाच्याच्या गॅरेजमध्ये.

भाच्याकडे १९८९ची फोर्ड मस्टँग होती आणि ती त्याने ड्रॅग रेसिंगसाठी सिद्ध केली होती. हा खेळ सरळ रेषेचा. दोन गाड्या, पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. वळणाशिवाय कथानक कसले, असे साहित्याच्या माणसाला वाटेल. पण इथले कथानक पहिल्या साठ फुटांतच घडते. गाडी सुटताना तिचे वजन मागे झुकते. ते मागच्या चाकांवर नीट बसले तर टायर जमीन धरतात, नाहीतर जागीच फिरून धूर काढतात. म्हणून पुढच्या चाकांना निराळे शॉक ॲब्सॉर्बर, आपल्या मेकॅनिकच्या भाषेत शॉकअप, बसवतात. त्यांचे नाव 'नव्वद-दहा': दबताना नव्वद भाग विरोध, ताणले जाताना दहा. गाडीचे नाक झटकन वर जाते आणि खाली यायला रेंगाळते. (हे वर्णन आपल्या काही साहित्यिकांनाही लागू पडेल, असो.)

एडिसनजवळच्या इंग्लिशटाउनचा रेसवे पार्क १९६५ साली सुरू झाला आणि जानेवारी २०१८मध्ये तिथले ड्रॅग रेसिंग बंद झाल्याचे जाहीर झाले. भाच्याने वर्षभर वाट पाहिली. मग गाडी रस्त्यावरच चालवायची ठरवून तिला साधे शॉक बसवले आणि ही जोडी विकायला काढली.

विक्रीसाठी त्याने जे लिहिले होते, ते मी मास्तरी सवयीने वाचले. त्यात विशेषण जवळजवळ नव्हते. दोन हंगाम वापर. उजव्याच्या दांड्यावर तेलाचा ओलावा, थेंब मात्र नाही. डाव्याच्या खालच्या भोकाशी पाना घसरल्याचा ओरखडा. सोबत ट्रॅकवरच्या छापील चिठ्ठ्या: ही जोडी बसवण्यापूर्वी पहिल्या साठ फुटांना लागलेला वेळ आणि नंतरचा. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'चा सातवा उल्लास दोषांना दिला तो दुसऱ्यांच्या काव्यातले दोष दाखवायला. स्वतःच्या मालाचे दोषप्रकरण इतक्या थंडपणे लिहिणारा मी तरी प्रथमच पाहत होतो.

पहिला गिऱ्हाईक आला तो विशीतला मुलगा. कागद वाचला, घासाघीस न करता पैसे पुढे केले. कुठल्या ट्रॅकवर पळवतोस, असे भाच्याने सहज विचारले. मुलगा म्हणाला, ट्रॅक नाही, रोज कॉलेजला नेतो त्या गाडीला लावायचे आहेत. नाक वर असलेली गाडी छान दिसते. भाच्याने एक शॉक जमिनीवर उभा धरला आणि अंगाचा भार देऊन दाबून दाखवला. दांडा कुरकुरत, इंच इंच खाली गेला. वर मात्र दोन बोटांनी आला. खड्ड्याखड्ड्यावर पुढचा भाग असा उचलला जाईल आणि वेळेवर बसणार नाही, ब्रेक मारताना, वळताना पुढच्या टायरची पकड राहणार नाही, हे त्याने दोनदा सांगितले. मुलाने ऐकून घेतले आणि पैसे तसेच पुढे धरून ठेवले. तेव्हा भाच्याने नकार दिला.

मुलगा गेल्यावर मी म्हटले, "अरे, तो सज्ञान आहे. तू कागदावर सगळे लिहिले होतेस, तोंडानेही सांगितलेस. तुझे कर्तव्य तिथे संपले."

"मामा, त्याने वाचलं ना सगळं," तो दांडा पुसत म्हणाला, "पण मी ते त्याच्यासाठी लिहिलंच नव्हतं."

मी या वाक्यावर अभिप्रेत वाचकाची आमची सगळी चर्चा रचायला निघालो होतो. त्याला गॅरेज झाडायचे होते.

दोन आठवड्यांनी पेनसिल्व्हेनियातून एक प्रौढ गृहस्थ आले. त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या, ओलसर दांड्यावरून बोट फिरवले, ते नाकाशी नेले, त्या ओलाव्यापायी वीस डॉलर कमी करून घेतले आणि जोडी घेऊन गेले.