वाड्याचा भाव

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची तटबंदी आणि सिद्धेश्वर तलाव मागे टाकून जुन्या पेठांत शिरले, की रस्ते आखडू लागतात आणि भिंती जाड होऊ लागतात. १८७७ साली या शहरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे सूत, कापड आणि भुसार मालाच्या उलाढालीने पेठा भरभराटीस आल्या. व्यापारी कुटुंबांनी पेढीला लागूनच वाडे बांधले. रस्त्याच्या बाजूस दुकान, त्यामागे चौक, चौकाभोवती सोपे, वर माडी आणि सर्वांवर मातीचे माळवद. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही माळवदाखालची दुपार सुसह्य असते.

आज त्या वाड्यांची पुढची पिढी विजापूर रस्त्यावरच्या सदनिकांत किंवा पुण्यास राहते. शुक्रवार पेठेतील असाच एक वाडा विक्रीस निघाला. दोन भाऊ, दोन बहिणी आणि वाड्यात एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या विधवा काकू, असे पाच वाटेकरी. काकूंना आता जिना चढवत नव्हता. त्यांना मंदिराजवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत लहानसे घर हवे होते. थोरल्या भावाच्या दुकानावर कर्ज होते. त्यामुळे चांगला भाव ही हौस नव्हती, निकड होती.

पहिला भाव एका बांधकाम व्यावसायिकाने दिला. त्याने फक्त जागा मोजली. वाड्याची किंमत त्याच्या लेखी शून्य, उलट पाडण्याचा खर्च वजा. रस्त्याच्या रुंदीवर बांधकामाची परवानगी ठरते आणि गल्ली तर बोळाएवढी. म्हणून जागेचा भावही बेताचाच. त्यापाठोपाठ जुन्या लाकडाचा एक व्यापारी आला. त्याला कोरीव दरवाजा आणि सागवानी खांब सुटे हवे होते. धाकट्या भावाचे मन क्षणभर डळमळले. पण थोरल्याने हिशेब मांडला. खांब गेले की वाडा उरत नाही, नुसती जागा उरते, आणि जागेचा भाव तर कळलाच आहे. वाडा म्हणून घेणारे गिऱ्हाईक हवे असेल, तर वाडा वाड्यासारखा उभा राहिला पाहिजे.

दोन महिने तयारी चालली. माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर बसला, पन्हाळी मोकळ्या झाल्या. खांबांवरचा जुना ऑइलपेंट खरवडून त्यांना जवसाचे तेल दिले, तेव्हा सागाचे रेषे पुन्हा उजळले. भिंतींना प्लास्टिक रंग न देता चुनाच दिला. कारण दगडमातीच्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंट आणि प्लास्टिक रंगाखाली ती कोंडून राहते. माडीवरच्या जुन्या चोपड्या, पत्र्याचे डबे, मोडके पाळणे खाली आले. घरातल्या चैत्यालयातील प्रतिमा विधिपूर्वक मंदिरात विराजमान झाल्या. त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. वाडा दाखवण्याची वेळ सकाळची ठरली, कारण नऊनंतर चौकात ऊन उतरते आणि सोपे आपोआप मोठे भासतात.

कागदांची साफसफाई याहून कठीण होती. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव होते. प्रथम वारसनोंद करून घेतली, महापालिकेच्या कराची थकबाकी भरली. मध्यस्थाने सुचवले, "बहिणींची हक्कसोडपत्रे करून घ्या, सह्यांचा घोळ नको." परंतु हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. थोरल्याने दोघी बहिणींना बोलावून हिश्श्याची बोलणी सर्वांआधी केली. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून १ एप्रिल २००१ रोजीची किंमतही ठरवून घेतली, कारण इतक्या जुन्या मिळकतीच्या भांडवली नफ्याचा हिशेब त्या दिवसापासून धरता येतो. घेणाऱ्याने मागण्याआधीच कागदांची फाईल तयार झाली.

खरा प्रश्न मागच्या भिंतीचा होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सोलापूरही हादरले होते, आणि त्या पहाटेपासून भिंतीत एक तिरकी भेग होती. किल्लारीत बळी घेतले ते दगडमातीच्या भिंतींनी आणि त्यांवरच्या जड माळवदांनी. या भागात ते कोणी विसरलेले नाही. मध्यस्थ म्हणाला, "दोन हात गिलावा मारू, वर रंग. कोणाच्या बापाला कळणार नाही." धाकट्यालाही ते पटत आले होते. तेव्हा चौकात धान्य निवडत बसलेल्या काकू म्हणाल्या, "अरे, त्यांची लेकरं त्याच भिंतीखाली झोपतील ना?"

गिलाव्याचा बेत तिथेच मोडला. स्थापत्य अभियंत्याला बोलावले. त्याने भेग तपासली, भिंत कशी बांधून घ्यावी ते लिहून दिले, खर्चाचा अंदाज दिला. तो अहवाल फाईलमध्ये सर्वांत वर ठेवला. पहिले गिऱ्हाईक तो वाचून निघून गेले. दुसऱ्याला भेगेचे काही वाटले नाही, पण त्याला निम्मी रक्कम रोखीत द्यायची होती. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे. आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम येतो, तो पाठशाळेत घोकलेला शब्द थोरल्याला आठवला. त्याने नकार दिला. त्या आठवड्यात कर्जाचा हप्ता चुकला आणि घरात तीन दिवस कोणी नीट बोलले नाही.

दिवाळीनंतर एक डॉक्टर दांपत्य आले. त्यांनी अहवाल वाचला, आपला अभियंता आणून भिंत पुन्हा तपासली आणि म्हणाले, "भेग तुम्हीच दाखवलीत, म्हणून बाकीच्या भिंतींवर विश्वास बसला." दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा झाला. मनात धरलेला आकडा आला नाही. तरी जागेच्या भावापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने अधिक मिळाले आणि सारे पैसे बँकेतून आले. रक्कम ५० लाखांहून अधिक असल्याने घेणाऱ्यांनी नियमाप्रमाणे १ टक्का कर कापून भरला. थोरल्याचे कर्ज फिटले. काकूंना दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची सदनिका मिळाली.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात पाचही जण एकाच बाकावर बसले होते. सह्या आणि अंगठ्यांचे ठसे झाले. किल्ल्यांचा जुडगा काकूंनी स्वतः डॉक्टरीणबाईंच्या हाती दिला आणि एकेक किल्ली ओळखून दाखवली. शेवटी म्हणाल्या, "मृगाच्या आधी माळवदावर माती टाकायला विसरू नका. आणि आडाकडची पन्हाळ आधी मोकळी करा, ती नेहमी तुंबते."