मनीचे केस

मांजर पाळणाऱ्याने स्वच्छतेचा अभिमान बाळगू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. कुत्र्याचे निदान बरे. ते पायांची माती घेऊन येते आणि माती पुसता येते. आमची मनी काही आणत नाही, ती नुसती ठेवून जाते. सोफ्यावर, उशीवर, इस्त्रीच्या सदऱ्यावर, फार काय, देवघरातल्या सोवळ्यावरही तिचे दोनचार केस असतातच. त्यातही तिची रसिकता अशी, की काळ्या शालीवर पांढऱ्या पोटाचे केस आणि पांढऱ्या चादरीवर काळ्या पाठीचे!

एरवी आम्ही हे हसण्यावारी नेले असते. पण दिवाळीला नात येणार आहे आणि तिला दमा आहे. उन्हाळ्यात ती मनीला पोटाशी घेऊन झोपली आणि पहाटे तिचा श्वास कोंडला. ती रात्र आम्ही कोणीच विसरलेलो नाही. "बाबा, मनीची दुसरीकडे सोय करा," असे मुलाने फोनवर सांगितले. त्याचे बोलणे वावगे नव्हते. मागून नातीचा आवाज आला, "आजोबा, तिला कुठ्ठे पाठवायचं नाही हं!"

तेव्हा मी कंबर कसली. केरसुणी या कामी कुचकामाची. ती केस उडवते आणि ते खाली बसले की पुन्हा जागच्या जागी. उपयोगी पडला तो भांडी घासायचा रबरी हातमोजा. तो किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवला की केसांच्या वळकट्या होऊन हातात येतात. मांजराच्या केसावर कौलारू छपरासारखे सूक्ष्म खवले असतात, ते विणीत अडकतात. शिवाय नायलॉनसारख्या कापडात कोरड्या हवेत घर्षणाने वीज साचते आणि केसाला धरून ठेवते. ओलाव्याने ती वीज निघून जाते. कपडे मात्र आधी झटकून मगच भिजवावेत, ओला केस कापडाला जळूसारखा चिकटतो. सौभाग्यवतींच्या पैठणीला पाण्याचा थेंबही लावायचा नव्हता. ती मऊ कोरड्या ब्रशने झाडली. त्या शेजारी उभ्या राहून सूचना देत होत्या.

एवढे झाल्यावर डॉक्टरांनी माझ्या उत्साहावर विरजण घातले. म्हणाले, "केस बिचारा निरपराध आहे. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या ग्रंथींत एक प्रथिन असते, त्रास त्याचा. मांजर अंग चाटते, लाळ वाळते, तिचे कण तासन्‌तास हवेत तरंगतात. केस म्हणजे नुसते त्यांचे वाहन." मांजर घरातून गेले तरी हे प्रथिन कित्येक महिने मागे राहते म्हणे! म्हणजे चार दिवस मनीला शेजारी ठेवून काहीच साधणार नव्हते. (हे ऐकून मला आनंद झाला, तो मी डॉक्टरांसमोर दाखवला नाही.)

नातीच्या खोलीचे दार आश्विन लागल्यापासून मनीला बंद आहे. गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला, पडदे आणि अभ्रे गरम पाण्यातून काढले, भिंतीसुद्धा ओल्या फडक्याने पुसल्या. मनीला हात लावला की साबणाने हात धुवायचे आणि झोपायला एकटीने जायचे, हे नातीने कबूल केले आहे. तिचा औषधाचा पंप उशाशी राहील. इतके करूनही पोरीचा श्वास लागलाच, तर मनी पलीकडच्या वाड्यातल्या वहिनींकडे जाईल, आणि तीही चार दिवसांसाठी नव्हे, कायमची. हे आम्हा दोघांत ठरले आहे. पोरीला अजून सांगितलेले नाही.

काल त्या खोलीत नवी चादर अंथरली, तर तिच्यावर एक पांढरा केस! मी हातमोजा आणायला धावलो. सौभाग्यवतींनी चष्मा लावून तो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अहो, हा मनीचा नव्हे. तुमचा आहे."

तरीही चादर मी पुन्हा धुवायला टाकली.